टोलीच्या मधून गेलेली रेघ

आमची टोली, म्हणजे गावाबाहेरची वस्ती, आणि गाव यांच्यामध्ये तलावाचा सांडवा आहे. पावसाळ्यात तो वाहू लागला की टोली तुटते. माझे भासरे, मोठ्या जाऊबाईंचे मालक, अशाच दिवसांत छातीत दुखून पडले. खाटेवर घालून पाण्यातून नेलं, पण ते दवाखान्यापर्यंत पोचले नाहीत. तेव्हापासून मोठ्या जाऊबाईंचं एकच होतं: ग्रामपंचायतीत निवडून जायचं आणि सांडव्यावर पूल मागायचा. टोलीचा वेगळा प्रभाग होता, त्यामुळे अवघड नव्हतं.

मग आमच्या पंचायतीतलं शेजारचं गाव वेगळं झालं. सदस्य नऊचे सात झाले, प्रभाग नव्याने पाडले. पंचायतीच्या भिंतीवर नकाशा लागला. रेघ थेट टोलीच्या सिमेंट रस्त्यावरून गेलेली. डावीकडची घरं एका प्रभागात, उजवीकडची दुसऱ्यात, आणि दोन्हींत भरणा गावाचा.

"हरकत घेता येते मंतात," जाऊबाई म्हणाल्या. "शुक्रवारपर्यंत तहसीलात अर्ज द्या लागते."

ते दिवस धानाचे परे, म्हणजे रोपं, रोवण्याचे. सांडव्यापलीकडे गावाच्या शेतांत रोवायला जाणाऱ्या टोलीतल्या बायांची मुकादम मी. शेताचा गुत्ता, म्हणजे ठेका, घेतला की शेवटची बांधी रोवून संपेपर्यंत एकही हात कमी करायचा नाही, हा आमचा नेम. अर्जावरच्या सह्या बांधावरच झाल्या, पण जाऊबाईंना मी सोडलं नाही.

"परे उपटून ठेवले हायेत बाई, सडून जातीन. शुक्रवारी दुपारून जाऊ."

"तुले रोवनाच दिसते काय वं?"

"मंग? नकाशा थोडाच सडते!"

बाया हसल्या. जाऊबाईही हसल्या आणि पुन्हा चिखलात वाकल्या.

शुक्रवारी चिखलाच्या पायांनीच तहसील गाठली. "तीन बजे तक था, बाई," खिडकीवरचा बाबू म्हणाला. साडेतीन झाले होते.

जाऊबाई तरी उभ्या राहिल्या. त्यांचं घर उजवीकडे, माझं डावीकडे. मतदानाच्या दिवशी माझ्या मशीनवर त्यांचं नावच नव्हतं. ज्यांना ओळखत नव्हते, त्यांच्यापुढची बटणं दाबून आले. थोडक्या मतांनी त्या पडल्या. डावीकडची आमची घरं त्यांच्या प्रभागात असती तर पडल्या नसत्या.

 जाऊबाई अजून माझ्याच शेजारी रोवतात. हल्ली आभाळ भरून आलं की मी परे तसेच टाकते आणि सांडवा चढायच्या आत साऱ्यांना घरी न्यायला निघते.

जाऊबाई हातातली पऱ्यांची मूठ रोवून मगच उठतात. "आता कायले घाई करून राहिली वं?" म्हणतात.