शिवलीलाक्कांची खडी

शिवलीलाक्कांनी एकदा कुणावर डूख धरला की तो माणूस मेला तरी त्यांच्या लेखी फिट्टंफाट होत नसे. माहेरी, सीमेवरच्या अथणीला सख्ख्या भावानं त्यांची कालवड न विचारता विकली. तेव्हापासून त्याच्या घरचं पाणी त्यांनी तोंडाला लावलं नव्हतं. नवरा बेंगळुरात यशवंतपूरच्या बाजारात कांद्याच्या वखारीवर होता. तो गेल्यावर त्या येलहंक्याला आल्या आणि श्रीवत्स यांच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्यानं राहू लागल्या. खिडकीशी शिलाई मशीन, खाली श्रीवत्स यांचा मोकळा प्लॉट, आणि प्लॉटात टिटव्यांची जोडी.

प्रणिता मधल्या मजल्यावर राहायची. पुण्याला मराठीत एम.ए. करून इकडे नोकरीला आलेली. संध्याकाळी चहाला वर जायची. खड्यांतली अंडी ओळखायला तिला अक्कांनीच शिकवलं.

"टिटवी घरटं करत नाही गं. दगडांत दगडासारखी अंडी घालते आणि बसते."

मागल्या उन्हाळ्यात श्रीवत्स यांना नव्या गाडीसाठी प्लॉट साफ हवा होता. त्यांचा गडी मंजुनाथ घमेलं घेऊन आला आणि त्याच दिवशी अंडी गेली. टिटव्या कितीतरी वेळ त्या रिकाम्या जागेवर उभ्या होत्या. अक्का जेवल्या नाहीत.

"मी खिडकीतून ओरडून सांगितलं होतं त्याला, मोठे तेवढे काढ, बाकी राहू दे. पण तो श्रीवत्सचा माणूस. माझं कशाला ऐकेल? बघच आता, त्या श्रीवत्सच्या डोक्यावर नेऊन बसवते टिटव्या."

प्रणिताला वाटलं, बोलायची एक रीत असते.

पावसाळा सरला तशा अक्का खाली गेल्या. आवाजात साखर होती. "अण्णा, गच्ची फार तापते. खडी पसरली तर घर गार राहील." शेजारच्या बांधकामावर खडी उरलीच होती. श्रीवत्स खूश झाले. "सरी अक्का, छान सुचवलंत!" मंजुनाथनं पोत्यांनी खडी वर आणली. अक्कांनी कोपऱ्यात पाण्याची परात ठेवली. मांजर दिसलं की चप्पल फेकली. चैत्र लागला आणि टिटवी गच्चीवर बसली.

श्रीवत्स यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातलं. घरावर टिटवी ओरडली की वाईट घडतं, ही समजूत मात्र त्यांच्या घरात कुणी मोडली नव्हती. त्यात लेक हर्षिता सातव्या महिन्यात माहेरी आलेली. तिचं सीमंत, म्हणजे डोहाळजेवण, गच्चीवर करायचं ठरलेलं, मांडववाल्याला सांगून झालेलं. पण श्रीवत्स टाकी बघायला वर आले की टिटवी सरळ डोळ्यांवर झेपावायची. ते डोक्यावर बादली धरून येऊ लागले. अक्का मशीन थांबवून बघायच्या.

"अक्का, स्वल्प ऐका. ती अंडी कुठंतरी हलवू या."

"हात तर लावून बघा. वनखात्याला फोन लावते."

"पोरीचं सीमंत आहे हो!"

"मग? हिचं सीमंत कधीच उरकलं. आता बाळंतिणीला काय सांगू, खाली जाऊन बस?"

प्रणिता खो-खो हसली. ती पुरती अक्कांच्या बाजूची होती.

सीमंताच्या आदल्या दिवशी मंजुनाथ गॅसचा सिलिंडर घेऊन वर आला. सिलिंडर टेकवून त्यानं खडीकडं पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "अक्का, ई सलानू मोट्टे तेगीबेका?"

एवढं कन्नड प्रणिताला कळत होतं. मोट्टे म्हणजे अंडी. तेगी म्हणजे काढ. याही खेपेला अंडी काढायची का?

"तुला कुणी सांगितलं होतं रे काढायला?" अक्का कडाडल्या.

"नीवे!" मंजुनाथ भांबावला. तुम्हीच की! खिडकीतून ओरडलात, मोट्टे तेगी, बाकी बिडु. साहेब तर त्या दिवशी होसकोट्याला गेले होते.

मोठे तेगी, बाकी बिडु. अथणीच्या माणसाच्या तोंडी मराठी आणि कन्नड एकाच वाक्यात नांदतात. अक्का मोठ्या दगडांबद्दल बोलल्या होत्या. मंजुनाथनं अंडी ऐकलं, अंडी उचलली आणि बाकीचं सोडून दिलं.

प्रणिता कठड्याशी गेली. गाडीच्या मागं मोठाले दगड अजून तसेच पडले होते.

मंजुनाथ गेला. अक्का मशीनवर बसल्या आणि पाय मारू लागल्या. सुईखाली कापड नव्हतं.

"अक्का, खाली जाऊन सांगू या."

"काय?"

"त्यांनी अंडी फेकली नव्हती, हे."

"प्लॉट साफ कुणाला हवा होता?" मशीन थांबलं. "वर्षभर शिव्या दिल्यात मी त्याला, पोरी. त्या आता परत घेऊन ठेवू कुठं?"

तेवढ्यात श्रीवत्स जिना चढून आले. बादली न घेता. दारात उभं राहून त्यांनी हात जोडले.

"मागल्या वर्षी प्लॉट मीच साफ करायला लावला. चुकलं माझं, अक्का. तुमचा तळतळाट नको. पोर अवघडलेली आहे."

प्रणितानं अक्कांकडं पाहिलं. अक्कांनी खरं काय ते एक वाक्य बोलायचं होतं, बस्स. ती वाट बघत राहिली.

"मला नका सांगू," अक्का म्हणाल्या. "हर्षितासमोर म्हणा. अंडी मी फेकायला लावली, असं म्हणा."

सगळे खाली गेले. श्रीवत्स यांनी शब्दन्‌शब्द तसंच म्हटलं. हर्षितानं पोटावर हात ठेवला आणि ती रडायला लागली.

अक्कांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "जाऊ दे गं. बाप आहे तुझा. सीमंत खाली हॉलमध्ये करा. मी येते ओटी भरायला."

मग त्यांनी वळून प्रणिताकडं रोखून पाहिलं. प्रणितानं मान खाली घातली आणि ती हर्षितासाठी पाणी आणायला गेली.