पहिला आलेला शब्द

दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या तोंडून ‘नाही’ कधी कुणी ऐकलं नव्हतं. कुणी खाट मागायला येवो की मुलगी मागायला, त्यांचं उत्तर ठरलेलं. ‘बघू.’

त्या साली मी जालन्याच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय मानसशास्त्र. जाफराबादचे पाहुणे मला पाहून गेले होते. त्यांना होकार हवा होता, मला औरंगाबादला एम.ए. करायचं होतं, आणि दादा दोघांनाही ‘बघू’ म्हणून मोकळे झाले होते. मला त्यांचा भयंकर राग आला होता.

तशात प्रात्यक्षिकाला शब्दसाहचर्याचा प्रयोग आला. आपण एक शब्द उच्चारायचा, समोरच्याने मनात आलेला पहिला शब्द सांगायचा आणि किती वेळ लागला ते स्टॉपवॉचवर पाहायचं. या समोरच्याला पुस्तकात ‘प्रयुक्त’ म्हणत. सरांनी बजावलं होतं की खोलीत तिसरं कुणी नको, दिलेले शब्द बदलायचे नाहीत आणि आपल्या चेहऱ्यावर काही दिसता कामा नये. सर पुण्याकडचे. आमच्या मस्तगडच्या दाटीच्या वस्तीत एकट्या माणसाची खोली कुठे मिळते, हे त्यांना कोण सांगणार?

दादा कामाला होते त्या कापसाच्या जिनिंगला सुट्टी होती तेव्हा मी त्यांना धरलं. आई भाकरी थापत होती. शेजारच्या खाला आमच्या उंबऱ्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

“पाणी,” मी म्हणाले.

“कोन्तं? प्यायचं का वापरायचं?”

“विचार करायचा नाही दादा. पहिला शब्द.”

“हंडा,” खाला म्हणाल्या.

“कळशी,” चुलीपासून आई.

आमच्या गल्लीत एकाला प्रश्न केला की चौघांनी उत्तर द्यायचं, नाहीतर बिचाऱ्याला एकटं पाडल्यासारखं होतं. मी खालांपुढे हात जोडले. “अच्छा बाबा, अब हम बिलकुल चुप,” म्हणत त्यांनी तोंडाला पदर लावला.

मग दादा रंगात आले. ‘झाड’ला ‘लिंब’. ‘बैल’ला ‘गाडी’. ‘कापूस’ला ‘खोकला’. मांडी ठोकून पुढच्या शब्दाची वाट बघू लागले. इतके खुशीत मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं.

पुढचा शब्द मी दोनदा वाचला. मग शक्य तितक्या कोरडेपणाने म्हणाले, “लग्न.”

“न्हाई.”

घड्याळाची कळ दाबायचीही उसंत मिळाली नाही. आईची भाकरी हातातच राहिली. दादा स्वतःच दचकले होते.

“मंग पाव्हण्यायला काय कळवायचं?” आईने विचारलं.

आता ‘बघू’ येणार, मी धरूनच चालले. दादांनी उपरण्याने तोंड पुसलं.

“हेच कळवायचं. पहिला शब्द सांगा म्हनली ना ती? सांगितला.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “जल्दी कर, पुढचा इच्यार.”

पुढचा कसला विचारते! मी हुंदके देत हसत होते आणि खाला तांदूळ तसेच टाकून माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

दुसऱ्या दिवशी सरांनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. खोलीत माणसं, वेळेची नोंद नाही, प्रयोगकर्ती रडतेय. प्रयोग बाद!

“यातून काही निष्कर्ष तरी निघाला का?” त्यांनी वैतागून विचारलं.

“हो सर,” मी म्हणाले, “मी औरंगाबादला चालले.”