कम्प्युटरला लावलेलं गंध

कॉफी निवायच्या आत सांगून टाकतो, नाहीतर माझा धीर जाईल. मी पस्तीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढचं ऐकून तुम्हाला नीट धक्का बसेल!

परदेशी मालाला बाजार नुकता खुला झाला होता. मद्रासहून मी एक वापरलेला अमेरिकन कम्प्युटर आणला. त्याच्यासाठी वेगळी लाइन ओढली, वेगळा फ्यूज बसवला. विजेची मला भयंकर भीती. शिकवणं वेगळं हो!

सरस्वतीपूजेचा दिवस. आमच्या तंजावुरात त्या दिवशी पुस्तकं, कागद, हत्यारं सगळी देवीपुढे. दुसऱ्या दिवशी पुनर्पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. माझा टेस्टर, स्क्रूड्रायव्हर, सगळं पूजेत. कम्प्युटर जड, म्हणून त्याला जागेवरच माझ्या बायकोनं, कमलनं, गंध-कुंकू लावलं.

दुपारी मुलगी सुधा तिरुचीच्या बसनं धावत आली.

"अप्पा, माझे गाइड उद्या पहाटे परदेशी चाललेत! प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणावर आजच सही हवी. छापून द्या लवकर, सहाची बस आहे."

तिच्या हस्तलिखितावरून ते प्रकरण मीच टाइप केलं होतं. मी ऐटीत बटण दाबलं.

काही नाही. दिवा नाही, पंखा नाही, हूं की चूं नाही!

मुलीच्या चार वर्षांच्या कामाचं शेवटचं प्रकरण त्या डब्यात! टेस्टर मागितला तर कमल देवघराच्या दारात आडवी.

"उद्या! आज हत्यारं विश्रांती घेतात."

"अगं, तुझंच गंध आत गेलं असणार! शॉर्ट झालाय!"

"माझं गंध? देवीचं गंध, अहो!"

आता टेस्टरशिवाय काय करणार? मी जमिनीवर आडवा होऊन मागची बाजू न्याहाळली. एक छोटा लाल खटका दिसला. त्यावर २३० व्होल्ट. मी विचार केला, आणि इथंच घात झाला. आमच्या गल्लीत वीज २३० कधी असते हो? संध्याकाळी तर दिवा शोधायला मेणबत्ती लागते! बिचाऱ्या यंत्राला एवढी मिळत नाही, म्हणून ते रुसलंय. सुधाची हेअरपिन घेतली आणि खटका ११५ वर, म्हणजे अमेरिकेतल्या विजेवर, सरकवला. स्वतःच्या बुद्धीवर मी इतका खूश फार क्वचित झालोय.

बटण दाबलं. तरीही शांत.

"अप्पा, पाच वाजले!" सुधा रडकुंडीला आली.

तेवढ्यात कमल म्हणाली, "सकाळी ते पांढरं चिनी मातीचं काय काढून टेस्टरशेजारी ठेवलंत? चुकून कुणी चालू करायला नको, म्हणालात."

फ्यूज! मीच काढला होता! शेवंतीच्या फुलांखाली गंध लावून बसला होता.

मुलीचा चेहरा पाहून कमल विरघळली. देवीची क्षमा मागून तिनं फ्यूज दिला. मी मेन बंद केलं, फ्यूज बसवला, मेन चालू केलं. आता बघा गंमत, म्हणून बटण दाबलं.

धडाम्!!

अय्यय्यो! कम्प्युटरच्या मागून ठिणगी, मग काळा धूर. मी खुर्चीसकट मागे. ११५ वर ठेवलेल्या यंत्रात पुरेपूर २३० घुसली होती. सणामुळे कारखाने बंद, म्हणून त्या दिवशी वीज म्हणे फार चांगली होती!

घरात जळका वास.

कमल शांतपणे देवघरात गेली आणि कागदांचा एक गठ्ठा घेऊन आली. सुधाचं हस्तलिखित! पूजेत मीच ठेवलं होतं.

"घे. देवीनं सकाळीच तपासलंय."

सहाची बस मिळाली. गाइडांनी कुंकू लागलेल्या त्या कागदांवरच सही केली.

दुसऱ्या दिवशी पुनर्पूजा झाली. पुस्तकं कपाटात गेली, टेस्टर खणात गेला. हत्यारांची विश्रांती एका दिवसाची असते.

माझा स्क्रूड्रायव्हर मात्र अजून देवघरातच आहे. कमल म्हणते, तो फार दमलाय.