चिंधीची बाटली

महाडच्या एका दवाखान्यातले अवधूतराव कंपाउंडर इंग्रजी चौथीत शाळा सोडलेले, पण इंग्रजी शब्दांबद्दल त्यांच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. ते ऐटीत सांगत, "जुने डॉक्टर चोळायच्या औषधावर 'आउटवर्डली' लिहायचे. म्हणजे अंगाला, बाहेरून. आता छापील लेबलावर 'एक्स्टर्नली' येतं. 'आउटवर्डली' हल्ली माणसांना लावतात. वरून गोड, आत काय ते देव जाणे!"

पण खेड्यातल्या माणसाला हे दोन्ही शब्द सारखेच परके. म्हणून चोळायच्या औषधाच्या बाटलीच्या गळ्याला ते लाल चिंधी बांधत. चिंधी दिसली की बाटली तोंडाला लावायची नाही, पोटात गेलं तर ते विषच. बारा वर्षांत आंबेनळी घाटाच्या पायथ्यापर्यंत पोरंसोरंही हे ओळखू लागली.

एकोणसाठ साली नवे डॉक्टर आले. "लेबल आहे ना? मग या चिंध्या कशाला?" ते हसत. अवधूतराव ऐकून घेत आणि चिंधी बांधत.

एका रविवारी सकाळी ते सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर आंघोळीला गेले. परत येऊन पाहतात तर डॉक्टरांनी कापडे गावच्या हैबतीला त्याच्या आईच्या गुडघ्यांसाठी बाटली दिलेली.

"चिंधी बांधलीत?"

"लेबल आहे की. वाचेल तो."

"अहो, त्याला सहीसुद्धा येत नाही!"

मिळेल त्या एसटीने त्यांनी पोलादपूर गाठलं आणि तिथून कापड्यापर्यंत धोतर सावरत अक्षरशः धावले. हैबतीची आई बनुबाई भाकरी खाऊन ओटीवर बसली होती, वाटीत औषध ओतलेलं. अवधूतरावांनी वाटी हिसकावून अंगणात भिरकावली.

म्हातारी भडकली. "अवो, येडं लागलं का काय? बाटलीला चिंधी नाय! चिंधी नाय ती प्यायची, तुमच्याच दवाखान्याची रीत हाय ना?"

असं त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. पण बारा वर्षं चिंधीने तेच शिकवलं होतं. मग अवधूतराव बाटलीतलं उरलेलं औषध म्हातारीच्या गुडघ्यांना चोळत बसले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर माफी मागू लागले, तेव्हा अवधूतरावांनी त्यांना थांबवलं. "साहेब, तुमच्या लेबलावर तिचा विश्वास नव्हताच. ती मरणार होती ती माझ्यावरच्या विश्वासाने."