चैत्रगौरीच्या ओटीत वेल्सची लोकर

मैत्रिणींनो, आज इथे परदेशात, आमच्या बुकित तिमाहच्या कॉन्डोत चैत्रगौरीचं हळदीकुंकू केलं. हॉलचा एसी मी बंदच ठेवला होता. पंखे असताना उगाच वीज कशाला जाळायची?

शेजारच्या दोघी आल्या. मेगन वेल्सची, पर्ल जमैकाची. मेगनने पर्लला द्यायला लोकरीचं जाड, खरखरीत कापड आणलं होतं. मला वाटलं, आहेर! मी कुंकू लावून, नारळासकट ते पर्लच्या ओटीत घातलंसुद्धा.

मेगन रडवेली झाली. "अगं, मला आधी सांगायचं होतं! पूर्वी आमच्या गावात घरोघरी हे विणायचे. ते जमैकाला जायचं, मळ्यांवरच्या गुलामांना घालायला. पर्ल, तुझ्याच माणसांना. आता तू बोलणं तोडशील माझ्याशी."

मी देवीसमोर कान पकडले.

पर्लने कापड गालाला लावून पाहिलं. "हे? आमच्या उन्हात?" मग उठून तिने ते मेगनच्या गळ्याभोवती गुंडाळलं. "आरती संपेपर्यंत काढायचं नाही!"

मेगन घामाने निथळत, मान खाजवत टाळ्या वाजवत होती. मी एसी लावायला उठले, तर पर्ल इथल्या ढंगात म्हणाली, "नो एसी, लाह!"

आरती झाल्यावर पर्लनेच तिला पन्हं दिलं. "काढ आता."

"राहू दे थोडा वेळ," मेगन म्हणाली.

पर्ल तिला खेटून बसली आणि तिने कापडाचं एक टोक स्वतःच्या खांद्यावर ओढून घेतलं. मग दोघीही खाजवत हसत सुटल्या.

खरं सांगा, आपल्यापैकी कितीजणी असं कापड कपाटातून बाहेर काढतील?