पाताळकोटातला झिरा

नागपूरच्या इतवारीहून छिंदवाड्याची छोटी गाडी सुटली तेव्हा आमचे हे खिडकीशी ऐटीत बसले होते. मे महिना, आणि बरोबर पाण्याची एकच कॅनव्हासची पिशवी. ऊन लागू नये म्हणून खिशात मात्र कांदा! मी म्हटलं, "अहो, आणखी एक पिशवी घ्यायची होती."

"नागपूरच्या माणसाले ऊन शिकवून राहिली का वं? दिवाळीत पाह्यलं नाही का, खाली नदी वाहून राहिली होती!"

ते खरंच होतं. आता निघालो होतो त्याच पाताळकोटात दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पायवाटेने उतरलो होतो. तामियाच्या पुढे जमीन एकाएकी संपते आणि पायाखाली कड्यांनी वेढलेली दरी उघडते. तेव्हा कपारींतून पाणी ठिबकत होतं, गवत कमरेएवढं होतं. मी शाळेत भूगोल शिकवते. परत आल्यावर मुलींना कंटाळा येईपर्यंत ती दरी फळ्यावर काढत होते.

मे महिन्यात तीच दरी ओळखू येईना. साग उघडेबोडके, खडक तव्यासारखे तापलेले. पण मोहाला तांबूस कोवळी पालवी फुटली होती, आणि त्या करपलेल्या उतारावर ती इतकी सुंदर दिसत होती की मी दर वळणावर थांबत होते. अर्ध्या वाटेत पिशवी संपली. खाली नदी होतीच ना! पोचलो तर नुसती पांढरी वाळू.

हे एका दगडावर बसले. घाम थांबला होता, अंग भाजत होतं, आणि ऑफिसातल्या साहेबांशी बोलावं तसं काहीबाही बडबडत होते. मग बोलणंही थांबलं. इथे माणूस गेला तर वर न्यायचा कसा?

वाळूत पानांनी झाकलेला हातभर खड्डा दिसला. तळाशी ओंजळभर पाणी! मी घाईघाईने त्यात पदर कोंबला, तशी कड ढासळली आणि सगळा चिखल झाला. तेवढ्यात मडकं घेऊन एक बाई आली. तिने खड्डा पाहिला, यांच्याकडे पाहिलं, आणि खाली बसून तुंब्याने (पोकळ भोपळ्याने) ते पाणी भराभर उपसून फेकायला लागली.

"अगं मेले, फेकतेस काय! माणूस मरतोय माझा!" मी तिचं मनगट धरलं, ओरबाडलं. तिने ते सोडवूनही घेतलं नाही. दुसऱ्या हाताने उपसत राहिली.

"रुक बाई. अच्छा पानी आता है."

तळ कोरडा झाला आणि वाळूतून नितळ पाणी पाझरू लागलं. झिरा (वाळूत खणलेला खड्डा) गढूळ झाला की आधी पूर्ण उपसायचा, ही तिथली रीत. भूगोलाच्या बाईंना कुठे ठाऊक! पानाच्या द्रोणाने तिने यांच्या डोक्यावर पाणी ओतलं, मग घोटघोट पाजलं. पुन्हा साठायची वाट बघायची, पुन्हा पाजायचं. उन्हं कलली तरी तिचं मडकं रिकामंच. "कुठं आहो आपण?" असं हे म्हणाले तेव्हा मी तिच्या गळ्यात पडून रडले.

पुढच्या दिवाळीत गेलो ते तिच्यासाठीच. नदीला पाणी होतं. ती अंगणात कुटकी (बारीक धान्य) पाखडत बसली होती. नागपूरच्या सदर बाजारातून घेतलेलं लुगडं मी पुढे केलं. तिच्या मनगटावर अजून माझ्या नखांचे वण होते.

"माफ कर, बाई."

तिने यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हसली. "आदमी अच्छा हो गया न? बैठो. पेज पियो."

परतीच्या गाडीत हे म्हणाले, "माफी कायची मांगून राहिली होती वं?" त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. मी सगळं सांगितलं.

"मले आधी काहून नाही सांगितलं?"

"लाज वाटली."

लोक विचारतात, पाताळकोटात काय पाहिलंत? मी ते उंच कडे सांगते, पालवी सांगते. त्या बाईचं मनगट यांच्याखेरीज इतरांना आज पहिल्यांदा सांगते आहे.