आबाजींना दिलेला आवाज

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि पल्लवीला, माझ्या बहिणीला, तर नाहीच — तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही कधी आमच्या घरी चहाला येणार नाही म्हणून. आलात तर आबाजी तुम्हाला आपल्या खाटेजवळ बसवतील, उशाचा लाल स्पीकर सुरू करतील, आणि मग मला तुमच्याकडे बघवणार नाही.

आबाजी म्हणजे माझे आजोबा. आजी गेल्यावर ते गाव सोडून आमच्याकडे गोंदियाजवळ फुलचूरला आले. गाव तिकडे अर्जुनीच्या बाजूला, मोठ्या तलावाकाठी. त्या तलावाची पाळ आपल्या पूर्वजांनी बांधली, हे आबाजी प्रत्येक पाहुण्याला सांगतात, आणि ते सांगायला लागले की ताटातला भात निवतो. कान आता कमी झालेत, पण स्वभाव खुशालचेंडू. खाऊन-पिऊन, चिडवून, हसून दिवस घालवतात. घरात त्यांच्यामुळे बरं वाटतं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल की आमच्याकडे सगळे तोंड पाडून बसलेले असतात.

माझं गोंदियात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दुसरी माझी ओळख म्हणजे नकला. लग्नात, बारशात, कुठेही — मामा कसे खाकरतात, आत्या फोनवर कशी ओरडते, मी हुबेहूब करून दाखवतो. लोक पोट धरून हसतात. मला त्याचा फार तोरा होता. होता, असं म्हणतोय. गेली काही वर्षं कुणी आग्रह केला तरी मी नकला करत नाही. घसा बसलाय म्हणतो.

तर आबाजींचा वाढदिवस आला. त्यांची खरी तारीख कुणालाच ठाऊक नाही, आधार कार्डावर जी पडली तीच आम्ही धरतो. पल्लवी नागपूरहून मला रोज मोबाइलवर भेटवस्तूंची चित्रं पाठवत होती. आजोबांचा फोटो छापलेला कप, आजोबांचा फोटो छापलेली उशी. उशीचं चित्र मी आबाजींनाच दाखवलं. ते म्हणाले, "माह्याच तोंडावर तोंड ठेवून झोपू का बे?" उशी बाद झाली.

मग मला सुचलं. आबाजींना डोळ्यांपेक्षा कानांची भूक जास्त — गावचं कुणी भेटलं की ते कानाशी हात धरून तासभर बसतात. तेव्हा गावच्या माणसांचे आवाज आणायचे, पेन ड्राइव्हमध्ये भरायचे, आणि उशाशी ठेवायला मोठ्या आवाजाचा स्पीकर द्यायचा. कल्पना चांगली होती, हे मी आजही म्हणतो. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मोटारसायकल काढली आणि गावी गेलो. आबाजींच्या धाकट्या बहिणीने रेकॉर्डिंगचा सगळा वेळ त्यांना रागावून घेतलं — फोन का करत नाहीस, दात बसवले का नाहीस. पानठेल्यावाल्याने जुनी उधारी काढली आणि स्वतःच हसत सुटला. सगळं मस्त चाललं होतं. उरला होता सोमाजी.

सोमाजीचं सांगायलाच हवं. तरुणपणी गावात दंडार व्हायची — आमच्या झाडीपट्टीतला गाण्या-नाचाचा खेळ. बायकांच्या भूमिकाही पुरुषच करायचे. आबाजी राणी व्हायचे आणि सोमाजी ढोलकीवर असायचा. दोघे जिवाचे दोस्त. एकदा सोमाजीने गमतीत ढोलकीची लय वाढवत वाढवत नेली, राणी नाचता नाचता गरगरली, आणि डोक्यावरचा केसांचा टोप उडून थेट पुढच्या रांगेत पडला. सारं गाव हसलं. आबाजींनी तिथेच, सगळ्यांसमोर, सोमाजीच्या कानाखाली वाजवली. त्यानंतर सोमाजी त्यांच्यासाठी कधी ढोलकीवर बसला नाही. एका तलावावर दोघे आंघोळीला जायचे, पण घाट वेगळे. आयुष्य गेलं असं. आबाजी कधीकधी म्हणायचे, हात माझा चुकला, त्याच्या तोंडून एकदा ऐकायला मिळावं की राग नाही. एवढीच त्यांची इच्छा. बाकी ते काही मागत नाहीत, भाजीत मीठसुद्धा नाही.

सोमाजी अंगणात दोर वळत बसला होता. मी कुणाचा कोण ते सांगितलं. मोबाइल पुढे केला, म्हटलं, आबाजींसाठी दोन शब्द बोला. त्याने दोर वळणं थांबवलं नाही. म्हणाला, "आवाज कायले नेऊन राहिला? पाय मोडले का त्याचे?" त्याची सून चहा घेऊन आली, मी तो कसाबसा प्यालो. उठलो तेव्हा मागून पुन्हा आवाज आला — "डोक्यावर केस उरले का त्याच्या, का अजून टोपच घालते?"

आता तुम्हीच बघा, यात नकार कुठे होता? 'त्याला म्हणावं, ये' हेच तो म्हणत होता ना? गावचा म्हातारा जवळच्या माणसाशी असाच वाकडं बोलतो, हे मला माहीत नव्हतं असंही नाही. घरात आबाजी तसेच बोलतात. पण मी दिवसभर दुकानात 'हाँ भैया, हो जाएगा' करणारा माणूस. उन्हातून दोन तास गाडी हाणत आलो होतो, आणि कुणीतरी आपलं कौतुक करावं असं वाटत होतं. मला राग आला. म्हातारा अजून खार खाऊन आहे, असं मी ठरवून टाकलं. ठरवणं सोपं होतं. दुसऱ्या दिवशी भाड्याची गाडी करून आबाजींना त्या अंगणात नेऊन बसवलं असतं, तर त्याहून मोठी भेट कुठली होती? पण मला स्पीकर द्यायचा होता. त्यासाठी लाल कागदसुद्धा आणून ठेवला होता.

दुकानात परत आलो. दुपार कलली होती. शटर अर्धं ओढलं, मोबाइल तोंडाजवळ धरला — आणि सोमाजी झालो.

हो. तेच मी केलं. त्याचं ते नाकातून ओढून बोलणं मला दोन वाक्यांतच सापडलं होतं. 'राणी' हे आबाजींना चिडवायचं नाव मला त्यांच्याच गोष्टींतून ठाऊक होतं. मी म्हटलं, "का गा राणी, बरी हायेस ना? माह्या मनात काही नाही आता. झालं ते झालं." इथे थांबायला हवं होतं. पण मग भीती वाटली — हे ऐकून आबाजी उद्याच गावी निघाले तर? म्हणून पुढे जोडलं, "तू येऊ नोको, तुह्याच्यानं होत नाही. धान कापून झाला का मीच येतो." ऐकून पाहिलं. इतकं चांगलं साधलं होतं की मी एकटाच हसलो. खरं सांगतो, मला स्वतःचा अभिमान वाटला.

वाढदिवसाला आबाजींनी स्पीकर कानाला लावला. बहिणीच्या रागावण्यावर हसले, उधारीवर हसले. 'का गा राणी' आलं आणि त्यांनी स्पीकर कानाशी आणखी दाबून धरला. मग त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि पुन्हा लावायला सांगितलं. पल्लवीने माझ्या पाठीवर थाप मारली. बाबा म्हणाले, असा नातू हवा. मी पेढा खाल्ला. तो घशाखाली गेला, अडकला वगैरे नाही.

धान कापून झालं. आबाजींनी अंगणात दुसरी खाट टाकायला लावली. सोमाजी येणार म्हणून. मी म्हटलं, आपणच जाऊ या का? एकदा नाही, दोनदा म्हटलं — पण ते नाही म्हणणार हे मनातून माहीत असताना. ते म्हणाले, "तो येतो म्हणला ना? आपण आधी गेलो तं त्याले वाईट वाटन. त्याचा मान राहू दे." ज्या माणसाला भर गावात मारलं होतं, त्याचा मान ते जपत होते. रोज सकाळी ती खाट झटकायचे. उन्हाळा लागता लागता गावाहून फोन आला की सोमाजी गेला.

तेरवीला मी आबाजींना घेऊन गेलो. भाड्याची गाडी केली. मिळाली, काही अडचण आली नाही. अंगणात माणसं बसली होती. आबाजींनी पिशवीतून तो स्पीकर काढला. मी काही बोलायच्या आत सुरू केला. सोमाजीच्या सुनेला जवळ बोलावून त्यांनी विचारलं, "ऐक वो पोरी. तुह्या सासऱ्याचाच आवाज होय ना?"

तिने ऐकलं. शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्याकडे बघितलं. किती वेळ बघितलं, मला सांगता येणार नाही, मी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होतो. ती आबाजींना म्हणाली, "होय ना, आबाजी. मामाजीचाच होय."

आम्ही निघालो तेव्हा ती आबाजींना गाडीत बसवायला आली. त्यांचं दार लावलं, आणि गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "तुमी येऊन गेले ना," ती हळूच म्हणाली, "तवापासून मामाजी आंगणात दुसरी बाज टाकाले लावत. म्हणत, राणी येईन तं बसन कुठं?"

दोन अंगणं, दोन रिकाम्या खाटा. मधे दोन तासांचा रस्ता, आणि त्यावर आडवा पडलेला मी.

आबाजी त्या दिवशी गाडीत रडले, पण थोडंच. म्हणाले, बरं झालं, जायच्या आधी बोलून गेला, नाहीतर मी मनात घेऊन मेलो असतो. माझ्या मांडीवर हात ठेवून म्हणाले, तू केलंस ते कुणी केलं नसतं. हे तर खरंच होतं.

तेव्हापासून ते सुखात आहेत. त्यांच्या सुखासाठी मी गप्प आहे, असं मी म्हणणार नाही. मी भितो म्हणून गप्प आहे. उद्या कळलं तर ते मला मारणार नाहीत, ओरडणारही नाहीत. नुसते माझ्याकडे बघतील, आणि तेच मला नको आहे.

गेल्या आठवड्यात पेन ड्राइव्ह बिघडली. आबाजी दोन दिवस कासावीस. तुझं दुकान काय कामाचं म्हणून मला सुनावलं. मला सांगता आलं असतं की आवाज पुसला गेला, परत मिळत नाही. अशा गोष्टी मी गिऱ्हाइकांना रोजच सांगतो. इतकं सोपं होतं. पण मूळ आवाज माझ्या फोनमध्ये होता. मी नवीन पेन ड्राइव्ह आणली आणि भरून दिली.

आज सकाळी चहाबरोबर त्यांनी तो लावला. 'राणी' म्हटल्यावर नेहमीसारखे हसले, मला जवळ बसवलं. तू येऊ नोको, मीच येतो, असं सोमाजी म्हणाला. आबाजींनी मान डोलावली आणि म्हणाले, "ये बापा, ये." मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो.